‘सेव्ह्ड बाय द बेल’ थडग्यातून नव्हे, बॉक्सिंगच्या रिंगणातून आलं

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: जुन्या काळी इंग्लंडात चुकून जिवंत पुरलेल्या माणसाच्या हाताला दोरी आणि वर घंटा बांधत, ती वाजली की तो वाचे, म्हणून ‘सेव्ह्ड बाय द बेल’ (घंटेमुळे वाचला) हा इंग्रजी वाक्प्रचार. हे खरं नाही. घंटा बसवलेल्या शवपेट्यांची पेटंटं पुढे निघाली, हे मान्य. पण हा वाक्प्रचार तिथून आल्याचा पुरावा नाही.

तो आला बॉक्सिंगमधून. 1867च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद ठरवून दिले. सात, आठ... मोजणी चालू असतानाच फेरी संपल्याची घंटा झाली, की हरत आलेला गडी बचावायचा. आज बहुतेक व्यावसायिक लढतींत घंटेनंतरही मोजणी थांबत नाही. ऐनवेळी सुटका, हा अर्थ मात्र टिकला.

याच मजकुरात ‘डेड रिंगर’ही थडग्याला चिकटवलंय. तेही चूक. अमेरिकी शर्यतींत लबाडीने बदली उतरवलेला घोडा म्हणजे रिंगर, आणि ‘डेड’ म्हणजे इथे तंतोतंत. म्हणून हुबेहूब दिसणारा. शिकवणीच्या गटांत मुलं हा फिरणारा मजकूर पाठ करतात, म्हणून तो कृपया पुढे पाठवू नका.