"नर्सला कसला आलाय ट्रॉमा?" या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की अपघात पेशंटला झाला, नर्सला कसला ट्रॉमा (मनावरचा आघात), आणि ट्रॉमातून ग्रोथ (त्या आघाताशी झगडताना माणसात होणारा चांगला बदल) वगैरे म्हणजे मॅनेजमेंटच्या हातात आयतं कोलीत. कोलीताचं पटलं, पहिलं अजिबात नाही.

स्वतःला लागायलाच हवं असं नसतं हो. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक), कामामुळे अशा घटनांचे भयानक तपशील वारंवार समोर येणं हेसुद्धा पीटीएसडीच्या (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) निकषांत धरलंय. आणि इमर्जन्सीत होतं काय, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करायची धडपड) थांबतो, डॉक्टर मृत्यूची वेळ सांगतात, सगळे पांगतात, सिस्टर मात्र तिथेच, कात्रीने कापलेले कपडे आणि ते एवढेसे बूट पिशवीत घालून लेबल लावतेय, बाहेर आईचा हंबरडा ऐकू येतोय आणि शेजारच्या बेडवरून आवाज, सिस्टर अजून किती वेळ? की लगेच तिकडे सलाईन लावायला. मग घरी झोप नाही, नाहीतर त्याच वयाचं पोर दिसलं की धस्स होतं, नाहीतर काहीच वाटेनासं होतं (मला याचीच जास्त भीती वाटते).

आता ग्रोथ. टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ती मोजायला २१ वाक्यांची प्रश्नावली काढली खरी, पण ट्रॉमा चांगला असतो असं ते म्हणालेच नाहीत, ग्रोथ येते ती नंतरच्या झगड्यातून, आणि त्रास चालू असतानाही येऊ शकते. डोक्यात आपोआप घुसणारं चित्र वेगळं आणि सावकाश बसून केलेला विचार वेगळा, ग्रोथला हा दुसरा हवा, आणि त्याला वेळ लागतो, ऐकणारं माणूस लागतं. "जा, जरा बाहेर बसून ये, तुझे बेड मी बघते" असं म्हणणारी सिनियर लागते, आणि शिफ्टला माणसंच कमी असतील तर ती तरी कुठून म्हणणार!

"एक समुपदेशनाचं सेशन घेऊन टाका" हा तुमचा उपायही नको. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावलं तर पीटीएसडी टळत नाही हे अभ्यासांत दिसलंय, काही जणांना उलट जास्त त्रास झाला. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यावं, सहकाऱ्यांनी लक्ष ठेवावं, महिना उलटूनही तेच चालू असेल तर ट्रॉमावर काम करणारा थेरपिस्ट गाठावा. अप्रेझलमध्ये "तुझी ग्रोथ किती झाली" असं कोणी विचारायला लागलं तर मात्र मी तुमच्याच बाजूने भांडेन.

आणि झेपत नसेल तर वॉर्ड बदलावा म्हणता, बदलू द्या की, ती सोय हवीच, फक्त फाईलवर शेरा न मारता आणि परत यायची वाट मोकळी ठेवून.