चार मिनिटांची भाजी

पाककृतीच्या नावात 'झटपट' हा शब्द दिसला की मी आधी सुरीला धार आहे का ते बघतो. "एशियन पद्धतीची स्टर-फ्राय भाजी, पाच मिनिटांत तयार!" यात तसं खोटं काही नाही. स्टर-फ्राय म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतणं, आणि भाजी कढईत असते ती खरंच चार-पाच मिनिटं. पण त्याआधी पाऊण तास धुणं, पुसणं, चिरणं, मोजणं आणि वाट्या मांडणं चालतं, आणि हा सगळा कारभार कृतीत 'भाज्या चिरून घ्या' एवढ्यावर उरकलेला असतो. नमनाला घडाभर तेल जातं ते इथं. प्रत्यक्ष कढईत फक्त दीड मोठा चमचा.

शिवाय ती चार मिनिटं सरळ नसतात. सूप गॅसवर ठेवून माणूस कपडे वाळत घालून येतो, फोनवर कुणाची तरी तक्रार ऐकून घेतो, तरी सूप बिचारं जागच्या जागी असतं. इथं बेल वाजली तर वाजू द्यावी. तापल्या तेलात लसणाला सोनेरी व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि सोनेरीचा काळा व्हायला त्याहून कमी. काळा लसूण कडू लागतो, आणि तो कडूपणा सॉसमध्ये असा विरघळतो की वेचून काढायचीही सोय उरत नाही. बेल वाजवणारा परत येऊ शकतो.

म्हणून गॅस पेटवण्याआधी सगळं हाताशी हवं. 'सगळं' म्हणजे सगळं. तेल, आलं-लसूण, टणक भाज्या, मऊ भाज्या, पानं, कालवलेला सॉस, भाजी काढायचं ताट. कढई धुरावर आल्यावर सोया सॉसच्या बाटलीचं झाकण उघडायला बसणाऱ्या माणसाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्याच्या भाजीबद्दल आशा नाही. ते झाकण वाळलेल्या सॉसनं चिकटलेलंच असतं.

चिरण्यात जाडी सांभाळायची, लांबी कमी-जास्त चालते. उष्णता आत शिरते ती जाडीतून. गाजराची एक चकती तीन मिलिमीटरची आणि शेजारची आठची असेल, तर एक मऊ पडते आणि दुसरी कच्ची राहते. गाजर तिरकं कापावं, चकती लांबट होते आणि कढईला टेकणारा पृष्ठभाग वाढतो. ब्रोकोलीचे तुरे दोन-तीन सेंटिमीटरचे करावेत आणि देठ फेकू नये. वरची जाड साल काढली की आतला गाभा तुऱ्यांपेक्षा चवदार असतो. बोक चॉय या चिनी पालेभाजीचे देठ आणि पानं वेगळी करावीत, कारण देठाला दीड मिनिट लागतं आणि पानांना अर्धं. दोन्ही एकदम टाकणाऱ्याला एक कुठली तरी गोष्ट बिघडलेलीच मिळते, फक्त कुठली ते निवडता येत नाही.

आता खरा शत्रू. पाणी.

तेलात परतलेली भाजी आणि तेलकट पाण्यात उकडलेली भाजी यांत फरक फक्त पाण्याचा आहे. कढईच्या तळाशी पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि भाजीला ती खरपूस चव, त्या तपकिरी कडा यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे तळाशी तळं साचलं की तुम्ही उलथनं कितीही आवेशानं फिरवा, भाजी उकडतेच आहे.

इथं शेगडीचं पाणी जोखून घ्यावं, अगदी शब्दशः. घरचा मोठा बर्नर धरा ३ किलोवॉटचा. त्यातली ४० टक्के उष्णता कढईत शिरते असं मानलं, बाकीची कडेनं निघून जाऊन स्वयंपाक करणाऱ्याला भाजते, तर हाती राहतात १.२ किलोवॉट. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. हिशेब असा निघतो की सेकंदाला जेमतेम अर्धा ग्रॅम, मिनिटाला तीस ग्रॅम पाणी उडतं. आणि ३०० ग्रॅम बोक चॉयमध्ये जवळपास २८५ ग्रॅम पाणीच असतं. ते सगळं बाहेर पडत नाही, पण तिसरा हिस्सा जरी सुटला तरी उडवायला तीन मिनिटं हवीत. त्यात पानं धुऊन नुसती झटकून टाकली आणि त्यांच्यावर ४० ग्रॅम पाणी राहिलं, की आणखी सव्वा मिनिट गेलं. तोवर पानांचा रंगही गेलेला असतो. हॉटेलातल्या वॉकखालचा, म्हणजे खोलगट चिनी कढईखालचा, बर्नर वीस-तीस किलोवॉटचा असतो, विमानासारखा आवाज करतो, आणि आपलं तीन मिनिटांचं काम काही सेकंदांत उडवतो. "हॉटेलसारखी का होत नाही?" या प्रश्नाचं उत्तर सॉसच्या बाटलीत शोधणारे लोक चुकीच्या दुकानात गेलेले असतात.

कँटनी भाषेत त्या चवीला 'वॉक हेई' म्हणतात, कढईचा श्वास. भाजी हवेत उडते, तेलाचे बारीक थेंब ज्योतीच्या तोंडी येतात, आणि तो धुरकट वास लागतो. थायलंडमध्ये पाणपालकाची जी भाजी करतात तिच्या नावातच 'लाल आग' आहे, कारण भाजी पडताच कढईतून ज्वाळा उठते. घरी हे करू नये. घराचा श्वास अडकतो.

घरी करायचं ते साधं आहे, म्हणूनच कुणी करत नाही. भाजी अर्धा तास आधी धुवावी, चाळणीत निथळावी, मग कोरड्या कापडावर पसरावी आणि वरून दुसऱ्या कापडानं टिपावी. पान हातात घेतल्यावर बोट ओलं होता कामा नये. आणि एका वेळी कढईत ३०० ग्रॅमच्या वर भाजी नको. सहा माणसांची असेल तर दोन घाण्यांत करावी. "एकदमच टाकून मोकळं होऊ" हा विचार ज्याच्या मनात येतो, त्याची भाजी पुढची दहा मिनिटं मोकळी होत नाही. मीठही सुरुवातीला घालू नये, ते आतलं पाणी ओढून बाहेर काढतं. मशरूमच्या बाबतीत तर अजिबातच नको.

ब्रोकोली, घेवड्याच्या शेंगा अशा हट्टी भाज्या आधी उकळत्या खारट पाण्यात ब्रोकोली एक मिनिट, शेंगा दोन मिनिटं घालून काढाव्यात आणि पसरून वाफ जाऊ द्यावी. गरम भाजी स्वतःच्या उष्णतेनं कोरडी होते. पाण्याशी एवढं वैर आणि पुन्हा पाण्यातच बुडवायचं, हे पटत नाही हे मला मान्य आहे. पण आतून अर्धवट शिजलेली भाजी कढईत मिनिटभरच राहते, आणि तेवढंच आपल्या शेगडीला झेपतं.

शेगडी फारच मवाळ असेल तर सरळ चीनमधल्या सेचवान प्रांताचा रस्ता धरावा. तिथं घेवड्याच्या शेंगा 'कोरड्या परततात': थोड्या तेलात मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, सालीवर सुरकुत्या आणि तपकिरी डाग पडेपर्यंत. मग लसूण, सुकी मिरची, सेचवान मिरं, चमचाभर सोया सॉस. घाई नाही, ज्वाळा नाहीत, आणि शेंगा चामड्यासारख्या दिसायला लागल्या की बिघडल्या नाहीत, उलट जमल्या म्हणायचं. मला विचाराल तर नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. पण नावात 'झटपट' नसल्यानं हिच्याकडे कुणी वळत नाही.

कढई आधी, तेल नंतर. चिनी स्वयंपाकात म्हणतातच, कढई तापलेली, तेल गार. लोखंडी किंवा कार्बन स्टीलची कढई मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवावी आणि पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब चर्र करून संपला तर अजून वेळ आहे. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी पळायला लागली, तर तळ २०० अंशांच्या आसपास आला. ती गोळी स्वतःच्याच वाफेच्या गादीवर बसून फिरत असते. आता रिफाइंड शेंगदाणा तेल घालून कढई फिरवावी. हे तेल २३० अंशांपर्यंत धुरावत नाही. नॉनस्टिक भांडं मात्र असं कोरडं तापवू नये. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप विघटित होऊ लागतो. त्यात तेल आधीच घालावं आणि वॉक हेईचं स्वप्न सोडून द्यावं.

आता ती चार मिनिटं. चार पाकळ्या लसूण आणि दोन सेंटिमीटर आलं, दोन्ही बारीक चिरलेलं. ठेचलेलं नको, ते चिकटतं आणि जळतं. दहा सेकंद, वास नाकाशी आला की लगेच गाजर. आवाज ऐकावा. या पदार्थात डोळ्यांपेक्षा कान जास्त खरं बोलतात. तडतड चालू आहे तोवर बरं चाललंय. तिची बुडबुड झाली की पाणी जिंकायला लागलं, भाजी कडेला सारावी आणि तळ उघडा करून त्याला वीस सेकंद तापू द्यावं. मिनिटानं बोक चॉयचे देठ, आणखी मिनिटानं ढोबळी मिरची, मग पानं. सतत हलवू नये. दहा सेकंद गप्प बसू द्यावं, मग उलटावं. हात शिवशिवतात, पण भाजीला तळाशी टेकायला उसंत मिळाली नाही तर डाग पडणार कधी? झाकण तर मुळीच नाही. झाकणाखाली भाजीतली आम्लं कोंडतात, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग सैनिकी गणवेशाचा होतो. व्हिनेगर घालायचं असेल तर तेही याच कारणासाठी अगदी शेवटी.

सॉस आधीच कालवलेला: एक मोठा चमचा लाइट सोया सॉस, दोन छोटे चमचे ऑयस्टर किंवा मशरूम सॉस, अर्धा छोटा चमचा साखर, चिमूटभर पांढरं मिरं, दोन मोठे चमचे पाणी आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर. 'लाइट' याचा अर्थ मीठ कमी असा नाही. चवीला तोच जास्त खारट, डार्क सॉस रंगासाठी. एका मोठ्या चमच्यातच दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे वरून मीठ घालायला हात गेला तर तो मागे घ्यावा. ओतण्याआधी वाटी पुन्हा ढवळावी, कारण कॉर्नफ्लॉवर तळाशी चुन्यासारखा बसलेला असतो आणि तसाच पडला तर भाजीत पांढरी गोळी सापडते. सॉस भाजीवर नाही, कढईच्या तापल्या कडेवरून फिरवत सोडावा. खाली पोचेपर्यंत तो जरा खरपूस होतो. वीस-तीस सेकंदांत चकाकी आली की गॅस बंद. भाजलेल्या तिळाचं तेल अर्धा छोटा चमचा, तेही आता. आधी घातलं तर त्याचा वास चिमणीतून शेजाऱ्यांकडे जातो.

लगेच ताटात काढावी. कढईत राहिली तर ती आतल्या आत शिजत राहते, आणि पाच मिनिटांनी जेवायला बसणाऱ्याला आपण काय केलं होतं ते कधीच कळत नाही.

मग ओट्यावर सात वाट्या, दोन ओली फडकी आणि कढई. कढई कोमट असतानाच गरम पाणी आणि मऊ ब्रशनं धुवायची, मंद आचेवर पूर्ण कोरडी करायची, आणि तेलाचा एक थेंब कापडानं आत सगळीकडे पुसून घ्यायचा. जेवणानंतर याचा कंटाळा येतो, कढई नुसती पालथी घातली जाते. सकाळी तळाशी तांबूस ठिपके असतात. टिपायचं राहिलेलं पाणी.