बिलावरचा 'एस' आणि २१ आकडे

मैत्रिणीचा मुलगा पुण्याहून इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकायला आलाय. खोलीची किल्ली मिळाली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, सिमकार्ड झालं, बँकेचं झालं. अजून काही राहिलंय का?" मी म्हटलं, आधी विजेचा मीटर कुठे आहे ते शोध आणि फोटो काढून पाठव.

आपल्याकडे भाड्याच्या घराचं वीजबिल बहुतेक वेळा मालकाच्याच नावाने येतं. ग्राहक क्रमांक टाकला, पैसे भरले की झालं. तारा महावितरणच्या आणि बिलही त्यांचंच. इथे तारा एका कंपनीच्या, वीज विकणारी कंपनी दुसरी. भाड्यात वीज धरलेली नसेल, तर किल्ली घेतली त्या दिवसापासून त्या घराला जी कंपनी वीज पुरवते तिचे तुम्ही ग्राहक. सही केलेली नसली तरी.

म्हणून वीजबिलावरची एक चौकट ओळखता यायला हवी. डावीकडे मोठा 'एस' आणि शेजारी दोन ओळींत मिळून २१ आकडे. हा सप्लाय नंबर, इथल्या बोलण्यात एमपॅन. खालच्या ओळीतले १३ आकडे खरे कामाचे. त्यातले पहिले दोन सहसा तुमच्या भागातल्या तारा कोणाच्या ते सांगतात. लंडनला १२, यॉर्कशरला २३, आमच्या लेस्टरच्या भागात ११. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे नंबर लिहिताना चूक झाली तर पकडता येते. वरच्या ओळीची सुरुवात घरगुती जोडणीला आजवर सहसा ०१ किंवा ०२ ने होत आली आहे. ०२ म्हणजे रात्री स्वस्त, दिवसा महाग असा दर. काही बिलांवर फक्त १३ आकडेच छापतात, तेवढे पुरतात.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. हा नंबर तुमचा नसतो, कंपनीचा नसतो, मीटरचाही नसतो. तो त्या घरात येणाऱ्या जोडणीचा असतो. कंपनी बदलली की खाते क्रमांक बदलतो, स्मार्ट मीटर बसवला की मीटरचा नंबर बदलतो, एमपॅन मात्र तोच राहतो.

मला हे महाग पडून कळलं. एका जुन्या घराचे दोन फ्लॅट केलेले, दोन्ही मीटर जिन्याखालच्या कपाटात, चिठ्ठ्या पुसट. मी दिवसभर कामावर आणि बिल मात्र चार माणसांच्या कुटुंबाचं असावं तसं. सात महिने भरत राहिले. शेवटी एका रविवारी घरातला मेन स्विच बंद करून खाली गेले. ज्या मीटरचं बिल मला येत होतं तो चालूच होता. कंपनीच्या नोंदीत माझ्या एमपॅनसमोर वरच्या फ्लॅटचा मीटर लागला होता. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं. तक्रार लेखी केली आणि तारखेसह फोटो जोडले, तेव्हा हललं. आठ आठवड्यांत सुटलं नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं, हेही मला तेव्हाच समजलं.

वरच्या फ्लॅटमध्ये लहान मुलं असलेलं कुटुंब होतं. हिशेब फिरल्यावर त्यांच्यावर एकदम बोजा आला. त्यांची काही चूक नव्हती, हे आजही मनाला लागतं.

घर भाड्याने देताना एजंट गालिच्यावरचा डागसुद्धा यादीत लिहून घेतात. त्याच यादीत एमपॅन, मीटरचा नंबर आणि त्या दिवसाचं रीडिंग हवंच, असं माझं स्पष्ट मत आहे. देत नसतील तर मागा. बिल हाताशी नसेल तर तुमच्या भागातल्या तारांच्या कंपनीला पत्ता सांगा, ते एमपॅन शोधून देतात. गॅसचा नंबर वेगळा, त्याला एमपीआरएन म्हणतात, त्याची सरमिसळ करू नका. आणि वीज गेली तर बिल पाठवणाऱ्या कंपनीला नाही, १०५ ला फोन करा.

तर त्या मुलाचा फोटो आला. कपाटात दोन मीटर, दोन्ही सारखे, नाव कशावरच नाही. मी फोनवर थांबले, त्याने मेन स्विच पाडला आणि टॉर्च घेऊन खाली गेला.

"मावशी, उजवीकडचा थांबला."

म्हटलं, आता त्याचा नंबर लिहून घे.