‘नंबर तोच, रीड भलतीच’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. क्लॅरिनेटसाठी तीन नंबरची रीड (फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी वेताची पातळ पट्टी) मागितली, तर तीनच्या नावाखाली भलतीच जाड रीड गळ्यात मारली, वाजवताना गाल दुखून आले, उघडलेला बॉक्स परत घेतला नाही आणि वर अर्धा तास ताटकळत ठेवलं, असं तुम्ही लिहिलं आहे. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

बाकीचं एक वेळ सोडून देऊ, पण ‘गळ्यात मारली’ हे फार लागलं. आमचा धंदा लोकांच्या शब्दावर चालतो. हे वाचून उद्या कोणी पायरी चढणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या अर्ध्या तासात मी काय करत होतो, ते तुमच्यासमोरच होतं. तुमची जुनी रीड, म्हणजे नारिंगी बॉक्समधली रीको, आणि तुम्ही मागितलेली वँडोरेन कंपनीची व्ही१२, अशा दोन्ही काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी उताण्या ठेवल्या होत्या. रीको बुडाशी पातळ, व्ही१२ चांगली जाड. व्ही१२ कापतात त्या वेताच्या नळ्या आल्टो सॅक्सोफोनच्या रीडला लागतात तेवढ्या व्यासाच्या असतात, म्हणून तिचं बूड भरीव आणि तासलेला भाग लांब येतो. टोकही किंचित जाड असतं. हे सगळं मी बोललो होतो. तुम्ही फोनवर होता, त्यामुळे किती कानावर गेलं कोण जाणे. ‘अडीच घेऊन बघा’ म्हटल्यावर मात्र तुमचं उत्तर आलं, ‘तीन म्हणजे तीनच द्या.’

आता नंबराचं. नंबर जाडीचा नसतो. एका सिरीजच्या अडीच, तीन, साडेतीन या सगळ्या रीड एकाच मापाने, एकाच आकारात कापतात. कापून झाल्यावर मशीन टोकाजवळ दाब देऊन रीड किती वाकते ते मोजतं आणि त्यावरून नंबर पडतो. म्हणजे फरक वेताच्या कडकपणाचा. त्यामुळे नारिंगी रीकोचा तीन आणि व्ही१२चा तीन यांचा एकमेकांशी संबंध लावता येत नाही. वँडोरेनचा तीन रीकोच्या तीनपेक्षा कडकच लागतो, हे वाजवणाऱ्या कोणालाही विचारा. कंपन्या तुलनेचे तक्ते छापतात ते याचसाठी.

त्यात कटचा, म्हणजे रीड कशी तासली आहे याचा, प्रश्न वेगळा. रीको आणि रीको रॉयल एकाच घरच्या, पण रॉयल फाइल कटची आहे. तासलेला भाग संपतो तिथे सालीची एक पट्टी जास्त काढून सरळ आडवी रेघ केलेली असते. साध्या रीकोत तिथे सालीची गोल कमान दिसते. ती पट्टी निघाल्यामुळे रीड मोकळी होते, खालचे सूर पटकन बोलतात. तुम्हाला ‘आवाज भरदार हवा पण फुंकायला हलकी हवी’ होती, म्हणून मी रॉयलही काढून दाखवली होती. ती तुम्ही बॉक्सचा रंग बघून बाजूला सारली. ग्राहकाची मर्जी, आम्ही काय बोलणार?

आणि हे लिहायचं नव्हतं, पण फोटो तुम्हीच टाकला आहे. त्यात माऊथपीसवर, म्हणजे रीड बांधून तोंडात धरतात त्या भागावर, बी४५ हे वँडोरेनच्या मॉडेलचं नाव स्पष्ट वाचता येतं. दुकानात विचारलं तेव्हा तुम्ही ‘क्लॅरिनेटबरोबर आलेला साधाच आहे’ म्हणाला होता. बी४५ची टोकाची फट, म्हणजे रीड आणि माऊथपीसच्या टोकांमधलं अंतर, १.१९५ मिमी, त्याच कंपनीच्या ५आरव्हीची १.०६५. फरक कागदावर चिमूटभर वाटतो, ओठांना मात्र चांगलाच कळतो. एवढ्या उघड्या माऊथपीसवर व्ही१२ तीन लावली तर गाल दुखणारच. हे आधी कळलं असतं तर मी ती रीड कपाटातून काढलीच नसती. फोटोतल्या रीडचा डावा कोपरा सँडपेपरने घासलेलाही दिसतो. जेमतेम ०.१ मिमीचं टोक असतं ते. घासल्यावर ती रीड व्ही१२ही राहत नाही आणि तीनही राहत नाही.

परतीबद्दल एवढंच, की तोंडाला लागलेली रीड आम्ही दुसऱ्याला विकू शकत नाही. तुम्हाला तरी चालली असती का? पण आतल्या प्रत्येक रीडला वेगळं पाकीट असतं. तुमच्या बॉक्समधल्या ज्या रीडची पाकिटं फोडलेली नाहीत, त्या आणा, काहीतरी मार्ग काढू. माझा सल्ला विचाराल तर वँडोरेनचीच निळ्या बॉक्समधली ट्रॅडिशनल अडीच, नाहीतर तीच रॉयल. आणि नवी रीड पहिल्याच दिवशी तासभर वाजवू नका, थोडी थोडी वाजवून मुरू द्या.

काउंटरवर तुलनेचा तक्ता लावायचं, सुट्या रीड ठेवायचं आमच्याही डोक्यात आहे, बघू कसं जमतं ते. या वेळी माऊथपीस तेवढा बरोबर आणा, त्याच्याशिवाय मला रीड सुचवता येणार नाही.

आपला,
दुकानमालक