वाढीव गुणांच्या पलीकडचा चित्रकलेचा तास

दहावीचा निकाल जवळ आला की पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांमध्ये एक वाद हमखास रंगतो, तो म्हणजे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीनुसार मिळणारे 7, 5 किंवा 3 वाढीव गुण असावेत की नसावेत. गुण काढले तर चित्रकलेकडे कोणी फिरकणार नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. गुणांसाठी काढलेले चित्र हे चित्रच नव्हे, असे दुसऱ्याचे. फिनलंडमधून हा वाद ऐकताना मला वाटते की दोन्ही पक्ष परीक्षेवर बोलतात, वर्गात चित्रकला कोण शिकवतो यावर मात्र कोणीच बोलत नाही.

फिनलंडच्या शाळांत हस्तकला 1866 पासून सक्तीची आहे आणि आज सातवीपर्यंत सुतारकाम व शिवणकाम मुलामुलींना एकत्रच शिकवले जाते. माझ्या मुलीने इकडच्या शाळेत पक्ष्यांसाठी लाकडी घरटे केले, तेव्हा भोक फारच लहान पडले. शिक्षकांनी ते स्वतः मोठे करून दिले नाही. माप कुठे चुकले हे वहीत लिहायला लावले आणि कानस तिच्याच हातात दिली. पुण्यात क्लासला जाणारा माझा भाचा मात्र इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, बसथांब्याचे एक तयार चित्र, त्यातल्या छत्रीवाल्या माणसासकट, घोटून पाठ करत होता. यात त्याच्या सरांना तरी काय बोल लावणार? श्रेणी तशीच पदरात पडते.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कायद्यालाच कलेचा शिक्षक अर्धवेळ पुरेसा वाटतो. मग वेळापत्रकातला चित्रकलेचा तास गणिताचा राहिलेला पोर्शन संपवायला गेला, तर तक्रार कोण करणार?

फिनलंडमध्ये सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. वाद्य नीट शिकायचे तर इकडेही शाळेबाहेर, फी भरूनच शिकावे लागते. उलट गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमा या संगीताच्या परीक्षा देणारी आणि घराजवळच गुरू मिळालेली मुले पुण्यात पेठापेठांत दिसतात. तसा रियाज इकडे मला क्वचितच ऐकू येतो. पण क्लासची फी न परवडणाऱ्या महापालिका शाळेतल्या मुलाला चित्रकला भेटलीच तर त्या एका तासातच भेटते, आणि वाढीव गुणांच्या वादात त्या तासाचा विषयच निघत नाही.