राघोबादादांना निर्दोष सोडवण्याचे सोपे उपाय

गेल्या महिन्यात एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता ‘राघोबादादा : एक शोकात्म नायक’. दिवसभरात बावीस भाषणे ऐकली आणि त्यांपैकी अठरा भाषणांत दादासाहेब, म्हणजे रघुनाथराव पेशवे, पुतण्या नारायणरावाच्या खुनातून डाग न लागता सुटले. इतके बिनतोड वकीलपत्र ऐकून मी भारावलो. पुढच्या वर्षीच्या स्पर्धकांना, आणि खरे तर त्यांची भाषणे रात्री जागून लिहून देणाऱ्या शिक्षक-पालकांना उपयोगी पडावेत म्हणून काही उपाय येथे नोंदवून ठेवतो.

सुरुवात नेहमी सिंधूकाठच्या अटक किल्ल्यापासून करावी. सात मिनिटांपैकी तीन मिनिटे झेंडा फडकत ठेवावा. दादासाहेब १७५८ मध्ये लाहोरला पोहोचून तेथूनच माघारी फिरले, पुढची मजल इतर सरदारांनी मारली आणि मोहिमेतून खजिन्याऐवजी कर्ज घरी आले, हे तपशील आवाजाच्या चढउतारात बसत नाहीत, ते गाळावेत.

‘लोभ’ हा शब्द चुकूनही उच्चारू नये. शेजाऱ्याची हातभर जागा बळकावणारा लोभी असतो. पुतण्याच्या गादीवर डोळा ठेवणारा महत्त्वाकांक्षी असतो.

१७६१ ते १७७२ ही वर्षे ‘दरम्यान बरेच पाणी पुलाखालून वाहून गेले’ या एका वाक्यात उरकावीत. तेथे रेंगाळणे धोक्याचे आहे. पानिपताचे दुःख ताजे असताना आणि गादीवर सतरा वर्षांचा माधवराव असताना काकासाहेबांनी १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन आळेगावला स्वतःच्या पुतण्याला शरण यायला लावले, आणि १७६८ मध्ये पुन्हा उचल खाल्ली तेव्हा धोडपला त्याच पुतण्याकडून मार खाऊन शनिवारवाड्यात नजरकैद पत्करली, हे श्रोत्यांना कळले तर ‘बाहेरच्यांनी बिघडवले’ या मुद्द्याला शिरायला फटच उरत नाही.

आता मुख्य उपाय : बायको. नायक कोणताही असो, त्याच्या घरात एक बाई असतेच, आणि ती असली की निम्मे काम झाले. आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘धरावे’चा ‘ध’ खोडून ‘मा’ केला, हे वाक्य म्हणताना उजव्या हाताने हवेत एक अक्षर गिरवावे. अठरापैकी पंधरा जणांनी ते गिरवले आणि प्रत्येक वेळी सभागृहात टाळी पडली. ती चिठ्ठी कोणी पाहिली, असे विचारू नये. दंतकथेला दाखला मागणे असभ्यपणाचे आहे. पण समजा, चिठ्ठी खरी, खाडाखोड खरी, बाईंचा बोरूही खरा. तरी ‘नारायणरावांस धरावे’ हे मूळचे अक्षर कोणाचे होते? राज्य करणाऱ्या पेशव्याला, सख्ख्या भावाच्या मुलाला, पगारासाठी खवळलेल्या भाडोत्री गारद्यांकडून धरवणे हे काय दादासाहेबांनी सत्यनारायणाचे आमंत्रण लिहिले होते? आणि आळेगावला कोणता ‘ध’ कोणी खोडला होता? धोडपला कोणता? ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, भर दुपारी तो मुलगा वाड्यातून धावत येऊन काकाच्या कमरेला मिठी मारतो; त्याला अठरा पुरी होऊन जेमतेम वीस दिवस झालेले असतात. चापाजी टिळेकर नावाचा एक सेवक त्याच्यावर आडवा पडून स्वतः मरतो. बाईने अक्षर बदलले असेल किंवा नसेल, मिठी मात्र दादासाहेबांच्या कमरेला पडली होती, आणि ती सुटली. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष ठेवला तोही दादासाहेबांवर. देहान्त प्रायश्चित्ताचा निकाल तोंडावर सुनावून ते पुणे सोडून गेले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगतो आणि पुढच्याच श्वासात दोष बाईच्या बोरूवर ढकलतो!

असो. संयम सुटला, क्षमस्व. उपाय पुढे चालू.

बायको पुरली नाही तर इंग्रज घ्यावेत. ‘भोळ्या दादांना धूर्त इंग्रजांनी जाळ्यात ओढले’ हे वाक्य देशभक्तीपरही आहे, त्यामुळे गुण जास्त पडतात. जाळ्यापर्यंत दादासाहेब स्वतः चालत गेले, याचा उल्लेख टाळावा. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह मुळीच वाचू नये. त्यात अडीच हजार फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले आहे. वसई म्हणजे तीच, जी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी हजारो माणसे खर्ची घालून पोर्तुगिजांकडून घेतली. चिमाजीअप्पा दादासाहेबांचे कोण? काका. एका काकाने जिंकलेली वसई दुसऱ्या काकाने पुतण्याच्या गादीसाठी लिहून दिली, आणि आपण मुलांना शिकवतो की बिचारा फसला.

फसला? कोण फसवणार होते त्याला? बाहेरचा माणूस कान फुंकतो हे खरे, पण आधी कोणी तरी कान पुढे करावा लागतो. ज्याला गादी नको होती त्या रामशास्त्र्यांना कोणी का नाही फसवले? वीस वर्षे एकच हाव मनात घेऊन फिरलेल्या माणसाला तुम्ही शोकात्म नायक म्हणता, ते एक वेळ चालेल. त्याच्यात शौर्य होते, तो बाजीरावाचा मुलगा होता आणि १७८३ मध्ये कोपरगावला पेन्शनीवर मेला, यात शोक आहेच. पण शोकांतिका त्याची तेव्हाच होते, जेव्हा चूक त्याची असते. चूक बायकोची आणि इंग्रजांची असेल, तर ती नुसती अपघाताची बातमी झाली. एवढी साधी गोष्ट भाषणे लिहून देणाऱ्यांना कळू नये? चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडी तुम्ही घालता काय, तर पुरुषाने केलेला खून बाईच्या हस्ताक्षरात शोधावा. लाज वाटायला हवी.

नववीतली एक मुलगी होती, अठरावी की एकोणिसावी. तिने हवेत काहीही गिरवले नाही. ‘धरावे हासुद्धा गुन्हाच होता’ एवढे म्हणाली, पुढचे विसरली आणि खाली उतरली. माझ्या दोन्ही सहपरीक्षकांनी तिला पाठांतरात शून्य दिले. मी दिलेले गुण बेरजेत पुरले नाहीत. ढाल पंधरांपैकी एकाला मिळाली, आणि ती स्वीकारताना त्याने पुन्हा एकदा हवेत ‘मा’ काढून दाखवला.