काळ्या वाघांची 'जात' बाटली म्हणे!

ताडोबातल्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणी २०२४ च्या अखेरीस ओडिशातल्या सिमिलीपालला नेल्या, तेव्हापासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: 'सिमिलीपालचे काळे वाघ जगात एकमेव. त्यांच्यात ताडोबाचं रक्त मिसळून ती जात बाटवली जातेय. शिवाय आपल्या वाघिणी फुकट गेल्या.' माझ्याकडे तो तीनदा आलाय.

आधी 'जात'. काळा वाघ ही वेगळी जात नाहीच. तो आपला पट्टेरी वाघच. बंगळुरूच्या शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की 'टॅकपेप' नावाच्या जनुकात डीएनएचं एक अक्षर बदललं की पट्टे पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि मधून थोडाच नारिंगी रंग डोकावतो. याच जनुकातल्या बिघाडाने घरातल्या मांजराच्या कुशीवर पट्ट्यांऐवजी भोवरे उमटतात. त्या मांजराला कुणी वेगळी जात म्हणत नाही.

'जगात एकमेव' मात्र खरं आहे. दुसरीकडच्या जंगलात असे वाघ सापडत नाहीत. पण का? हा रंग दिसायला बदललेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. सिमिलीपालमध्ये त्या जनुकाच्या निम्म्याहून जास्त प्रती बदललेल्या निघाल्या. मोजकेच पूर्वज, बाहेरून कुणी येत नाही, मग नात्यातल्या नात्यातच जोड्या जमतात. आपल्याकडे गोत्र विचारल्याशिवाय पत्रिका पुढे सरकत नाही, आणि इथे मात्र आपण त्याच गोष्टीचं कौतुक करतोय! काळा रंग स्वतः घातक आहे असं नाही. पण ज्या वाटेने तो पसरला, त्याच वाटेने न दिसणारे दोषही साचतात.

आता 'बाटवणं'. अमेरिकेत फ्लोरिडातले पँथर (बिबटे नव्हेत, तिथले प्यूमा) २०-३० वर आले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या. पिल्लं धडधाकट निघाली, संख्या शंभराच्या वर गेली. ते आजही फ्लोरिडाचेच पँथर आहेत.

काळा रंगही पुसला जाणार नाही. काळा बाप आणि ताडोबाची आई यांची पिल्लं नेहमीच्या पट्ट्यांची दिसतील, पण ते जनुक पोटात बाळगून असतील. अशा दोघांची जोडी जमली, तर चारात एक पिल्लू काळं होण्याची शक्यता. काळे वाघ कमी दिसतील, एवढंच. पर्यटकांची थोडी निराशा होईल, होऊ दे.

'फुकट गेल्या' यावर काय बोलणार? चंद्रपूर जिल्ह्यात वाघांना जागा पुरत नाही, आणि गावकरी त्याची किंमत जिवाने मोजतात. २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या वाघिणी नागझिऱ्याला नेल्या, तेव्हा हा हिशोब कुणी मांडला नव्हता.

मेसेजवाल्यांना घाबरायचंच असेल, तर सातकोशियाला घाबरा. ओडिशातल्याच त्या जंगलात २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून महावीर नावाचा वाघ आणि सुंदरी नावाची वाघीण आणली. महावीर काही महिन्यांत मेला, त्याच्या मानेला फासाची जखम होती. सुंदरीवर माणसं मारल्याचा आळ आला, ती पिंजऱ्यात गेली आणि २०२१ मध्ये परत पाठवावी लागली. झीनतही सिमिलीपाल सोडून झारखंडमार्गे बंगालमध्ये पोहोचली होती. बाँकुड्यात बेशुद्ध करून तिला परत आणलं.